बाबांसाठी जागा ठरवताना

सातारा

चि. अमेय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांना ठेवायची जागा मी ठरवली आहे. तू माहिती पाठवलेलं पुण्याचं शुश्रूषा केंद्र नको, आपल्या गावाबाहेरचं घेऊ या. फोनवर आपण दोघंही हळवे होतो आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

घरी का जमत नाही, ते तुला नीट कळायला हवं. अर्धांगवायूनंतर बाबांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडाजवळ आणि टाचांवर आधी लाल डाग दिसतो, मग कातडी जाते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. दिवसाच्या मावशी मनापासून करतात, पण रात्रीला माणूस टिकत नाही. माझ्या गुडघ्यांनी त्यांना एकटीला वळवणं होत नाही. त्यात मध्यरात्री बाबा शाळेतली हजेरी घेतात, मुलांची नावं पुकारतात आणि पलंगावरून उतरायला बघतात. पडून खुब्याचं हाड मोडलं तर मग त्यांचे किती हाल होतील?

पुण्याचं केंद्र मी तुझ्या आत्याबरोबर जाऊन पाहिलं. बाग आहे, देऊळ आहे, मोबाईलवर कॅमेरा बघायची सोय आहे. तुला बेंगळुरूहून बाबा रोज दिसतील, हे तुझं म्हणणं मला समजतं. पण डायपर ओला आहे हे कॅमेऱ्यात दिसत नाही रे. त्यासाठी कुणीतरी पांघरूण वर करून बघावं लागतं, आणि ते बघायला मला कधीही, न कळवता जाता आलं पाहिजे. पुण्याला मी महिन्यातून दोनदा जाईन, तेही सांगून-सवरून. इथे एस.टी.ने अर्ध्या तासात पोचते, आणि 2023 पासून बायकांना तिकीटही अर्धंच आहे.

इथल्या केंद्रात मी मुद्दाम दुपारी जेवणाच्या वेळी गेले. सकाळी सगळीकडेच फरशी पुसलेली असते. आत शिरल्यावर लघवीचा वास आला नाही. कुणाचे हात पलंगाला बांधलेले नव्हते. (दुसऱ्या एका ठिकाणी ते पाहिलं आणि तिथून पाणीही न पिता निघाले.) नखं कापलेली होती, पाण्याचं भांडं हाताला लागेल असं ठेवलेलं होतं.

पण माझं मन बसलं ते एका पोरीच्या भरवण्यावर. बाबांसारखेच एक आजोबा होते, त्यांनाही गिळायला त्रास. तिने आधी पलंगाचं डोकं उचलून त्यांना ताठ बसवलं, स्वतः स्टूल घेऊन त्यांच्या नजरेसमोर बसली. अर्धा चमचा मऊ भात, हनुवटी थोडी खाली, आणि घास गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा चमचा नाही. मध्येच तोंड उघडायला लावून गालात काही अडकलंय का ते बघितलं. जेवण संपल्यावरही त्यांना आडवं केलं नाही, अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. उभ्याने घाईघाईत भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. त्या पोरीला ते कुणीतरी नीट शिकवलं आहे, आणि कुणी बघत नसतानाही ती ते करते. मला हे दिसलं, कारण मी दाराआड उभी होते.

मग ऑफिसात बसून बाकीचं विचारलं. रात्री किती पेशंटांमागे किती माणसं, नर्स रात्रीही असते की फक्त दिवसा, इन्सुलिन कोण देतं, अचानक बिघडलं तर कोणत्या दवाखान्यात नेतात आणि तुमचं माणूस बरोबर जातं का. डायपर, फिजिओथेरपी आणि रुग्णवाहिकेचे पैसे वेगळे आहेत. अनामत किती दिवसांत परत मिळते, हे करारात लिहून घेतलं. तू सत्तरीवरच्यांच्या आयुष्मान कार्डाचं म्हणालास. त्यातले 5 लाख दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत, केंद्राच्या महिन्याच्या पैशांना ते चालत नाही. तरी कार्ड काढलं आहे, आणि केंद्रवाले नेतात तो दवाखाना आयुष्मानच्या यादीत आहे हेही पाहिलं. नोव्हेंबरातला पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बाबांना बँकेत न्यायला नको.

पेन्शनमध्ये बरंचसं भागेल, वरचे तू दे. मी संकोच करणार नाही, तूही हात आखडता घेऊ नकोस. आत्या रागावली आहे. तिला म्हटलं, दर गुरुवारी तुम्ही बसा भावाजवळ. तयार झाली.

पहिले पंधरा दिवस बाबा मला घरी ने म्हणतील, रडतीलही. त्या दिवसांत तू फोनवर त्यांना "उद्या नेतो" असं खोटं सांगू नकोस. "आई दुपारी येणार आहे," एवढंच सांग. ते खरं असेल.

अर्जावर दुसऱ्या नातेवाइकाची सही लागते, ती तुझी. आधारची प्रत आणि फोटो शुक्रवारपर्यंत पाठव. सोमवारी त्यांना न्यायचं आहे. रजा मिळाली तर रविवारी रात्रीच ये, खुर्चीतून गाडीत बसवायला दोघं हवेत.

तुझी,
आई