जंतांचे जनुक वाचण्याची सोय जिल्ह्यात हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील परोपजीवी कृमींच्या जनुकीय संशोधनावरचा लेख वाचला. इतका रुक्ष विषय वर्तमानपत्राने हाती घेतला याबद्दल आभार मानून एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'क्रिस्पर' या जनुकीय कात्रीमुळे जंतांचा लवकरच कायमचा बंदोबस्त होईल, असा जो सूर लेखाच्या शेवटी लागला आहे, तो मला, माणदेशात तीसेक वर्षे शेळ्या-मेंढ्यांना जंताचे औषध पाजण्यात घालवलेल्या पशुवैद्यकाला, पटला नाही. ती कात्री आपल्या गोठ्यापासून अजून फार लांब आहे. जनुक नुसते वाचण्याचे साधन मात्र कधीचे तयार आहे, आणि त्याकडेच आपले लक्ष नाही.

कृमींचे जनुकशास्त्र ज्याच्यावर वाढले तो सी. एलेगन्स हा कृमी मुळात परोपजीवी नाही. तो मिलिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक, प्रयोगशाळेतील बशीत जिवाणू खाऊन सुखाने जगणारा आणि तीन-साडेतीन दिवसांत पुढची पिढी उभी करणारा जीव आहे. म्हणूनच १९९८ मध्ये संपूर्ण जीनोम, म्हणजे सारी जनुकीय माहिती, वाचला गेलेला तो पहिला बहुपेशीय प्राणी ठरला, आणि एखादे जनुक आरएनएच्या साहाय्याने गप्प करण्याची युक्ती फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांना त्याच वर्षी त्याच्यातच दाखवता आली, जिच्यासाठी पुढे २००६ चे नोबेल मिळाले. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताच्या पिढ्या अशा बशीत चालवता येत नाहीत. त्याला जिवंत मेंढीच लागते, आणि आरएनएची ती युक्तीही त्याच्या काही जनुकांवर लागू पडते, काहींवर पडत नाही. क्रिस्परचा वापर २०१७ मध्ये स्ट्राँगिलॉइडिस या जंतात आणि २०१९ मध्ये शिस्टोसोमा या चपट्या कृमीत करून दाखवण्यात आला, हे खरे आहे. त्या प्रयोगांतून अमुक जनुकाचे काम काय ते कळते. कळपातले जंत त्याने मरत नाहीत.

आता वाचनाविषयी. अल्बेंडॅझोल, फेनबेंडॅझोल ही आपल्या परिचयाची औषधे जंताच्या पेशीतील बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे पेशीचा सांगाडा बांधला जात नाही आणि जंत मरतो. या प्रथिनाच्या साखळीतील २०० व्या जागेसाठी जनुकात टीटीसी अशी डीएनएची तीन अक्षरे असतात. मधले एक अक्षर बदलून टीएसी झाले, की औषध तिथे चिकटतच नाही. हिमॉन्कसमधला हा बदल नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याची पारखही केली: औषधाला न जुमानणाऱ्या सी. एलेगन्समध्ये हिमॉन्कसचे मूळचे जनुक घातले तेव्हा तो पुन्हा औषधाने मरू लागला, आणि तेच जनुक एका जागी बदलून घातले तेव्हा मात्र मेला नाही. मेंढीतल्या जंताची साक्ष बशीतल्या जंताकडून काढून घेण्याची ही रीत मला फार सुंदर वाटते. १६७ आणि १९८ या जागांवरील बदलांचाही असाच परिणाम होतो, हेही आता ठाऊक आहे. तीन जागा, मोजकी अक्षरे. ती वाचायला कात्री लागत नाही, डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर यंत्र पुरते.

याचे मोल मला एका प्रसंगाने कळले. पावसाळ्याच्या तोंडावर एका मेंढपाळाने सगळा कळप पाजून घेतला होता. तरीही श्रावणात मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरले, पापण्या पांढऱ्याफटक पडल्या. पुन्हा तेच औषध पाजले, तरी गुण आला नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, औषधच बनावट हाय." दुकानदार म्हणाला, मात्रा कमी पडली असणार. मला शंका जंताचीच होती. तिघांचेही म्हणणे शक्य कोटीतले होते आणि तिघांपैकी कोणाचेही तपासून पाहण्याची सोय तालुक्यात नव्हती. शेवटी दुसऱ्या गटातले औषध देऊन मी मेंढ्या वाचवल्या, पण आधीचे का चालले नाही, ते आजतागायत कळलेले नाही.

लेंड्यांतील अंडी औषधापूर्वी आणि औषधानंतर मोजण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती वाईट नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली हिमॉन्कसची अंडी आणि ट्रायकोस्ट्राँगिलस या दुसऱ्या जंताची अंडी जवळजवळ सारखीच दिसतात. ओळखायची तर अळ्या वाढवून आठवडाभर थांबावे लागते, तर डीएनए ती ओळख सरळ देतो. याहून मोठी अडचण वेळेची आहे. प्रतिकारक्षम जंतांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्या खाली असेपर्यंत अंडी मोजण्याच्या चाचणीला ते दिसत नाही, हे १९८९ मध्येच दाखवून झाले आहे. त्यात हा बदल बहुतांशी अप्रभावी स्वरूपाचा, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्याशिवाय जोर न धरणारा, असल्याने ज्या जंतात जनुकाची एकच प्रत बदललेली आहे तो औषधाने मरतो आणि आपण निर्धास्त राहतो. अशा दोन जंतांच्या काही पिल्लांत मात्र दोन्ही प्रती बदललेल्या येतात, आणि एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. औषध 'चालेना' असे मेंढपाळ म्हणेपर्यंत ते जनुक साऱ्या माळरानावर पसरलेले असते. ते पाच-दहा टक्क्यांवर असतानाच दिसले, तर औषधाचा गट बदलता येतो, आणि अशक्त जनावरांनाच पाजून बाकीची मोकळी सोडता येतात, म्हणजे औषधाने मरणारे जंतही कुरणात शिल्लक राहतात आणि न मरणाऱ्यांचेच राज्य होत नाही. (पापणी उलटून रंग पाहून औषध देण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेतून तक्त्यासह आली, तेव्हा आमच्याकडचे म्हातारे मेंढपाळ हसले होते; पापणी ते आधीपासूनच पाहत होते.) शेळीच्या बाबतीत तर आपणच हा रोग पोसला आहे. शेळीचे शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकालात काढते, म्हणून तिला मात्रा जास्त लागते, आणि आपण वर्षानुवर्षे दोघींना एकाच मापाने पाजत आलो.

आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या गटातल्या औषधाचे असे एका अक्षराचे सोपे उत्तर नाही, हेही सांगितले पाहिजे. हिमॉन्कसचा जीनोम २०१३ मध्ये दोन गटांनी प्रसिद्ध केला, २०२० मध्ये तो गुणसूत्रांच्या पातळीवर जुळवला गेला, आणि त्याच्याच आधारे या प्रतिकाराचा पाचव्या गुणसूत्रावरील मुख्य ठावठिकाणा २०२२ मध्ये अधिक नेमका झाला. त्यातून गोठ्यात चालेल अशी चाचणी निघायची आहे.

दहा फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना जी गोळी दिली जाते तीही अल्बेंडॅझोलच. ती देऊ नये असा अर्थ माझ्या लिहिण्यातून कोणी काढू नये. रक्तक्षय असलेल्या मुलांना तिची गरज आहे, आणि माणसांच्या जंतांत मेंढ्यांइतका प्रतिकार माजल्याचा पुरावा नाही. तथापि, चाबूककृमीवर या गोळीची एक मात्रा मुळातच फार कमी चालते, आणि अमेरिकेत कुत्र्यांतील अंकुशकृमी एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले आहेत, ज्यांत १६७ व्या जागेवरील तोच बदल सापडला. दरवर्षी किती गोळ्या वाटल्या याचा आकडा आपल्या पानांवर छापून येतो. ज्या मुलांच्या पोटातले जंत गोळीनंतरही राहिले, त्या जंतांचे काय, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नसतो.

माझी सूचना लहान आहे. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर यंत्रे आली. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने आणि पशुसंवर्धन विभागाने मिळून मेंढ्यांची संख्या मोठी असलेल्या चार-पाच तालुक्यांतून, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघण्याआधी, लेंड्यांचे एकत्रित नमुने घेऊन त्या तीन जागा वाचाव्यात, आणि निकाल मेंढपाळांना कळेल अशा भाषेत तालुक्याच्या दवाखान्यात लावावा. आरोग्य विभागाने निवडक शाळांत गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी हेच करावे. गाळून धुतलेली अंडी ७० टक्के अल्कोहोलमध्ये टिकतात, त्यामुळे बर्फाच्या पेट्यांचीही अडचण नाही. माण आणि खटाव तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून नमुने गोळा करण्याचे काम कोणी सोपवल्यास मी ते विनामोबदला करीन. मेंढपाळ अजून ओळख ठेवून आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक, ता. माण, जि. सातारा