संहिता नको, वायरिंग तपासा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : क्वीअर प्रायोगिक नाटक, राजकीय उपहास आणि प्रयोगाआधीचं सेन्सॉर

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

समलिंगी, पारलिंगी आणि तृतीयपंथी, म्हणजे क्वीअर, कलाकार कोल्हापुरात जे प्रायोगिक नाटक आणि परफॉर्मन्स आर्ट (कलाकाराच्या प्रत्यक्ष कृतीतून घडणारी कला) करतात, त्याबद्दल हे पत्र आहे. मागणी सुरुवातीलाच सांगतो. शंभर-दीडशे प्रेक्षकांपर्यंतच्या प्रयोगांची संहिता आधी वाचून मंजूर करण्याची अट काढून टाका. त्याऐवजी ज्या गोष्टींमुळे माणसाला खरोखर इजा होते त्या तपासा. विजेचा भार, बाहेर पडायची दारं, कपडे बदलायची खोली आणि प्रेक्षकाची गुप्तता, या त्या गोष्टी.

संहिता का तपासता येत नाही, हे हा प्रकार बसतो कसा ते पाहिलं की कळतं. तमाशात गण, गवळण, बतावणी, लावणी, वग असा क्रम असतो आणि वगातला सोंगाड्या त्या गावातली, त्या दिवसाची गोष्ट उचलतो. आजचे क्वीअर गट हाच सांगाडा वापरतात. दीड तासाच्या प्रयोगात सव्वा तास ठरलेला आणि बतावणीची, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवादाची, पंधरा मिनिटं मोकळी. सकाळी वर्तमानपत्रांतून तीन बातम्या निवडायच्या. दुपारी प्रत्येकीला तीन प्रश्न विचारायचे : कोण बोललं, काय दावा केला, आणि त्याचा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या दिवसावर काय परिणाम झाला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती बातमी टाकून द्यायची, कारण तिच्यावरचा विनोद नुसती नक्कल होतो. उरलेल्या एक-दोन बातम्यांवर संध्याकाळी तासभर तालीम. वाक्यं पाठ करायची नाहीत, फक्त प्रवेशाची आणि निघायची ओळ पक्की करायची. ही ओळ पक्की नसली की पंधराची पंचवीस मिनिटं होतात, प्रकाशयोजना चालवणाऱ्याला खूण मिळत नाही आणि पुढचा गंभीर प्रवेश कोसळतो.

आठ दिवसांपूर्वीच्या बातमीवरचा उपहास मेलेला असतो. आणि संहिता मुंबईला नाटकांच्या परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र हाती पडायला त्याहून जास्त वेळ लागतो. मंजूर संहितेत बदल केला तर तो पुन्हा मंजूर करून घ्यायचा. म्हणजे नियम पाळायचा तर बतावणीच करता येत नाही. परफॉर्मन्स आर्टचा प्रश्न तर याहून पुढचा. रंकाळ्याच्या काठावर एक कलाकार तीन तास एका खुर्चीवर बसून लिंगाच्या रकान्याचा एकच सरकारी अर्ज पुन्हा पुन्हा भरत राहिला, तर त्याची संहिता म्हणून काय पाठवायचं? तो कोरा अर्ज?

या प्रकारातली एक बारीक गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचायला हवी. व्यावसायिक विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने साडी नेसली की तीच हसण्याची जागा होते. क्वीअर उपहासात साडी हा विनोद नसतो. साडी नेसलेलं माणूस रेशनकार्डाच्या खिडकीवर उभं असतं आणि 'कुटुंबप्रमुखाशी नातं' हा रकाना भरताना अडखळणारा कारकून हसण्याची जागा असतो. हसू कोणाकडे वळतं हे उभं राहण्याच्या कोनावर, बोलण्यातल्या विरामावर, कोण कोणाकडे पाहतं यावर ठरतं. तेच वाक्य कागदावर वाचलं तर अश्लील वाटू शकतं आणि रंगमंचावर करुण. कागद वाचून शब्द कापणाऱ्याला हे दिसायला मार्गच नाही, मग तो कितीही चांगला वाचक असो.

आणि हे कोल्हापूरला नवं म्हणावं असं काय आहे? ज्यांच्या नावाने इथलं नाट्यगृह आहे त्या केशवराव भोसल्यांनी लहान वयात 'संगीत शारदा' नाटकात नायिकेची, शारदेची, भूमिका गाजवली. डोक्यावर 'जग' (यल्लम्मा देवीची मूर्ती असलेली परडी) घेऊन, चौंडक्याच्या तालावर नाचणारे, साडी नेसणारे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, या जिल्ह्याने पिढ्यान् पिढ्या पाहिलेत. त्या प्रथेला शोषणाचीही बाजू आहे आणि आम्ही तिचं उदात्तीकरण करत नाही. पण बाईच्या वेषातला पुरुष दिसला की कोल्हापूरकर बिथरतील, हा समज या शहराला लागू होत नाही.

आता कायदा. इंग्रजांनी १८७६ साली आणलेला नाट्यप्रयोग कायदा केंद्र सरकारने २०१८ मध्ये रद्द केला. तमिळनाडूचा १९५४ चा असाच कायदा मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रातलं सेन्सॉर मात्र १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांवर उभं आहे, आणि अमोल पालेकरांनी त्याला २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. न्यायालयाने सांगेपर्यंत थांबायची शासनाला गरज नाही. नियम शासनाने केलेत, ते शासन बदलू शकतं. बदनामी, धार्मिक भावना दुखावणं, दोन समाजांत तेढ लावणं, सार्वजनिक जागी अश्लील कृत्य, या प्रत्येकासाठी भारतीय न्याय संहितेत कलम आहे. प्रयोगानंतर तक्रार झाली तर कलाकार न्यायालयात उत्तर देईल. लेखकाला, पत्रकाराला, कीर्तनकाराला हेच लागू आहे. नाटकवाल्याकडूनच आधी परवानगी का मागायची?

संहितेच्या जागी एका पानाची सूचना पुरेशी आहे. प्रयोगाच्या सात दिवस आधी जागा, तारीख, कालावधी, प्रेक्षकसंख्या, वयोमर्यादा, विजेचा एकूण भार, उघडी ज्योत आहे की नाही, आणि जबाबदार व्यक्तीचं नाव. संवाद बदलला तर पुन्हा कळवायचं नाही. जागा, भार किंवा आग बदलली तर कळवायचं. वयोमर्यादा १८ असेल तर दारावर फक्त जन्मतारीख पाहावी, नाव लिहून घेऊ नये. अनेक पारलिंगी प्रेक्षकांच्या ओळखपत्रावर अजून जुनं नाव असतं. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळवून सगळी कागदपत्रं बदलेपर्यंत काळ जातो, आणि तोवर ते जुनं नाव दारावर मोठ्याने वाचलं जाणं हा त्या माणसाचा अपमान असतो.

प्रयोग बंद पडतात ते बहुधा सेन्सॉरमुळे नव्हे, फोनमुळे. कोणीतरी 'भावना दुखावतील' असं निवेदन देतं, पोलीस ठाण्यातून आयोजकाला नोटीस येते, हॉलच्या व्यवस्थापकाला एक फोन जातो आणि तो 'दुरुस्तीचं काम' सांगून बुकिंग रद्द करतो. लेखी आदेश नसतो, म्हणून दाद मागायला कागदच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की निदर्शनं होतील, हिंसा होईल या धमकीपुढे अभिव्यक्तीचा हक्क दाबता येत नाही आणि विरोधी जमाव आवरणं हे शासनाचं काम आहे. २०१९ मध्ये पश्चिम बंगालात एक उपहासात्मक चित्रपट पोलिसांच्या अनौपचारिक दबावाने थिएटरांतून उतरवला गेला, तेव्हा याच न्यायालयाने निर्मात्यांना २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. हे निकाल प्रत्येक पोलीस ठाण्यात पोहोचवा. नाट्यगृहांना शासनाचं परिपत्रक द्या : प्रयोगाच्या ४८ तासांच्या आत बुकिंग रद्द करायचं तर कारण लेखी, सहीनिशी, आणि अनामत तसंच भाडं पूर्ण परत.

रस्त्यावरच्या प्रयोगाची अडचण निराळी. सणावारी आणि निवडणुकीत जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्या कलमात जमावाबरोबर गाणी, हावभाव, नकला यांवरही बंदी घालण्याचा अधिकार आहे. शस्त्रं आणि मोर्चे डोळ्यांपुढे ठेवून काढलेला आदेश मग बिंदू चौकात नक्कल करणाऱ्या एकट्या कलाकारालाही लागतो. आदेशाच्या मसुद्यात 'पूर्वसूचना दिलेले कलाप्रयोग वगळून' एवढे शब्द घाला. गृह खात्याशी बोलून हे आपण करू शकता.

आता जागेबद्दल, कारण आम्हाला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याच्यावर.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू पुन्हा उभी राहायलाच हवी. पण ते मोठ्या नाटकाचं घर आहे. ऐंशी प्रेक्षकांचा प्रयोग तिथे भाड्यातच बुडतो. म्हणून छोटे गट शाळेच्या, मंगल कार्यालयाच्या, क्लासच्या खोल्यांत प्रयोग करतात आणि खरा धोका तिथे आहे. अशा खोलीत १५ अँपियरचा एक प्लग असतो. २३० व्होल्टला तो जेमतेम ३,४५० वॉट देतो. हजार वॉटचे तीन हॅलोजन लावले की चौथ्याला ट्रिप होतो. मग कोणीतरी चौथा दिवा ६ अँपियरच्या बोर्डातून घेतं, त्यावर साउंडही जोडतं, आणि १,३८० वॉटपलीकडे ती वायर तापायला लागते. एक्स्टेन्शनची केबल गुंडाळलेलीच ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. वर काळ्या सुती कापडाचे पडदे, अग्निरोधक लेप न दिलेले किंवा धुण्यात लेप गेलेले. नायलॉनचा विग आणि पॉलिस्टरची साडी नुसती जळून भागत नाही, ती वितळून कातडीला चिकटतात. दिवटी वापरायचीच असेल तर तिच्यापासून सहा फुटांत विग नको, आणि विंगेत ओलं पोतं व वाळूची बादली घेऊन एक माणूस फक्त त्याच कामाला उभा हवा. सरकारी निरीक्षकाने हे तपासावं. तो आला तर आम्ही त्याचं मनापासून स्वागत करू.

कोल्हापुरात शंभर आसनांचं एक लवचीक नाट्यगृह हवं. केशवरावच्या आवारात जमलं तर उत्तम, नाहीतर बंद पडलेलं एखादं सरकारी गोदाम चालेल. आतून ४० बाय ४० फूट, मध्ये एकही खांब नाही, मोकळी उंची १६ फूट. १४ फुटांवर दिव्यांसाठी पाइपांची जाळी, दर चार फुटांवर एक, बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर, कारण दिव्यांचे क्लॅम्प त्यालाच बसतात. थ्री फेज ३२ अँपियरची जोडणी म्हणजे सुमारे २२ किलोवॉट, चोवीस एलईडी दिवे आणि सहा जुने हॅलोजन लावूनही हात राखून उरेल एवढी. साउंडचा फेज दिव्यांपासून वेगळा ठेवावा, नाहीतर डिमर खाली आणला की स्पीकर भुणभुणतो. आसनं हलवता येणाऱ्या लाकडी पायऱ्यांवर असावीत, म्हणजे प्रेक्षक एका बाजूला, दोन बाजूंना किंवा भोवती बसवता येतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत बाहेर उघडणारी दोन दारं, आणि पायऱ्या कशाही मांडल्या तरी दारांपुढे काही येणार नाही अशी जमिनीवर रंगवलेली पट्टी.

कपडे बदलायच्या जागेला 'पुरुष' आणि 'स्त्रिया' अशा दोन खोल्या नकोत. चार बाय पाच फुटांचे, आतून कडी लागणारे चार कप्पे, आणि पाटी नसलेली दोन स्वच्छतागृहं. आरशाचे दिवे दोन्ही बाजूंना, कारण वरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावली पडते आणि मेकअप चुकतो. खिडकी किंवा एक्झॉस्ट हवाच. छातीला बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) बांधून तालीम आणि प्रयोग केला तर श्वास अपुरा पडतो, बंद खोलीत चक्कर येते. तो आठ तासांपेक्षा जास्त घालू नये. भाड्याच्या वेळेत प्रयोगानंतरची ४५ मिनिटं धरा. घरी ज्यांनी सांगितलेलं नाही त्यांना खोबरेल तेलाने मेकअप पूर्ण उतरवून, भुवयांवरचा गोंद सोडवून, कानामागची चमकी पुसून मगच बस पकडता येते. दिवे बंद करून घाई करणारा शिपाई या माणसाला घरात अडचणीत आणतो, त्याच्या मनात तसं काही नसतानाही.

प्रेक्षकाचंही तसंच. तिकिटाच्या एसएमएसमध्ये नाटकाचं नाव न येता नुसता क्रमांक यावा, कारण फोन घरात चौघे पाहतात. दारावर प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावावी. बंदोबस्तासाठी पोलिसांनी चित्रीकरण केलंच तर कॅमेरा रस्त्याकडे असावा, रांगेतल्या चेहऱ्यांकडे नको. प्रेक्षकांची यादी मागितली तर न्यायालयाचा आदेश दाखवावा.

सूचनेच्या अर्जाचा मसुदा, विजेच्या भाराचा तक्ता आणि नाट्यगृहाचं रेखाचित्र आम्ही तयार ठेवलं आहे. आपल्या खात्यातला एक अधिकारी आणि महापालिकेचा एक विद्युत अभियंता अर्धा दिवस कोल्हापुरात द्या. प्रयोग होतात त्या खोल्या आम्ही त्यांना दाखवू, बोर्ड उघडून वायरी दाखवू, आणि कोणती जागा दुरुस्त होऊ शकते हे तिथेच ठरवता येईल.

आपले,
कोल्हापुरात क्वीअर प्रायोगिक नाटक करणारे कलाकार आणि तंत्रज्ञ