लायब्ररी शेवटीच का लिहायची, हेही शिकवा

महोदय,

सी भाषेच्या पाठ्यपुस्तकांत पॉइंटर, स्ट्रक्चर आणि फाइल-हाताळणी यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ऱ्या (तयार फंक्शनांचे संच) जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या लिंकरचा विषय मात्र 'गणिती फंक्शन वापरल्यास आज्ञेच्या शेवटी -एलएम लिहावे' एवढ्या एका ओळीत उरकला जातो. -एलएम म्हणजे गणिती लायब्ररी जोडण्याची सूचना; ती शेवटीच का लिहावी, हे कुणी सांगत नाही. परिणामी अनेक लायब्ऱ्या वापरणारा पहिला प्रकल्प हाती आला की विद्यार्थी अडतो आणि चुकीचे मूळ भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. या दुर्लक्षित भागाकडे पुस्तककर्त्यांचे आणि शिक्षकांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

जीसीसी या कंपायलरला 'जीसीसी -एलएम वर्गमूळ.सी' ही आज्ञा उबंटू या लिनक्स प्रणालीवर देऊन पाहावी. प्रोग्राममध्ये एखाद्या चलाचे वर्गमूळ काढले असेल, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टु एसक्यूआरटी', म्हणजे वर्गमूळाच्या फंक्शनची व्याख्या मिळाली नाही, असा संदेश येतो. तो वाचून विद्यार्थी हेडर फाइल तपासतो, लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करतो, क्वचित संगणकच बदलून पाहतो. वास्तविक लायब्ररी जागेवर असते आणि लिंकरने ती उघडूनही पाहिलेली असते. ती सापडलीच नसती, तर 'कॅनॉट फाइंड -एलएम' असा निराळाच संदेश आला असता. हेडरचाही येथे संबंध नाही, कारण हेडर फक्त कंपायलरला फंक्शनची ओळख करून देते. लिंकरपर्यंत ते पोहोचतच नाही. गंमत अशी की, चलाऐवजी थेट २.० या संख्येचे वर्गमूळ मागितले, तर जीसीसी ते कंपाइल करतानाच काढून ठेवते आणि हीच उलट्या क्रमाची आज्ञा बिनतक्रार चालते. मग विद्यार्थ्याचा गोंधळ आणखी वाढतो.

युनिक्स परंपरेतला लिंकर आज्ञेतील फाइली डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ज्या नावांची व्याख्या अजून मिळालेली नाही, त्यांची यादी सोबत बाळगतो. ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपाइल झालेली एक फाइल, आली, की ती पूर्ण घेतली जाते. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे अनेक ऑब्जेक्ट फाइलींचा एकत्र बांधलेला संग्रह. त्यातून फक्त त्याच फाइली उचलल्या जातात, ज्या त्या क्षणी यादीत थकलेल्या एखाद्या नावाची व्याख्या पुरवतात. एवढे झाले की लिंकर पुढे सरकतो आणि मागे वळून पाहत नाही. लायब्ररी आधी आणि तिला हाक मारणारी फाइल नंतर आली, तर लायब्ररीच्या पाळीला यादीत तिच्याकडून मागण्यासारखे काहीच नसते. त्यामुळे नियम सरळ आहे: मागणारा आधी, पुरवणारा नंतर, आणि एक लायब्ररी दुसरीवर अवलंबून असेल, तर त्या दोघींनाही हाच नियम लागू.

पूर्वी ही शिस्त लायब्ररीच्या पोटातही पाळावी लागे. संग्रहातील फाइली योग्य क्रमाने बसवण्यासाठी 'लॉर्डर' आणि 'टीसॉर्ट' ही साधने वापरली जात. पुढे 'रॅनलिब'ने संग्रहाला नावांची सूची जोडली आणि एका लायब्ररीच्या आतला क्रम बिनमहत्त्वाचा झाला. 'टीसॉर्ट' आजही लिनक्समध्ये मिळते, पण ते कशासाठी जन्मले, हे ते वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. लायब्ऱ्यांचा आपसातला क्रम मात्र तसाच राहिला. दोन लायब्ऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील, तर पहिली पुन्हा शेवटी लिहावी लागते किंवा दोघींना 'स्टार्ट-ग्रुप' आणि 'एंड-ग्रुप' यांच्यामध्ये ठेवावे लागते. मग नवे काही सापडेनासे होईपर्यंत लिंकर त्या गटात फेऱ्या मारतो. हा आडमार्ग नव्हे. लिनक्सवर पूर्ण स्टॅटिक प्रोग्राम बांधताना जीसीसी स्वतःची सहायक लायब्ररी आणि सीची मूळ लायब्ररी यांना असेच एका गटात घालते.

शेअर्ड लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम चालताना जोडली जाणारी, तुकड्यातुकड्यांनी उचलली जात नाही, म्हणून जुन्या प्रणालींवर उलटा क्रमही खपून जात असे. उबंटूने ११.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ मध्ये, लिंकरचा 'अॅज-नीडेड' पर्याय मुळातच चालू ठेवला. तेव्हापासून, आपली पाळी येईपर्यंत जिची गरज दिसली नाही, अशी शेअर्ड लायब्ररीसुद्धा गाळली जाते. त्याआधी छापलेल्या पुस्तकांतील काही आज्ञा आज का चालत नाहीत, याचे कारण बहुधा हेच.

नव्या लिंकरांनी हा प्रश्नच निकालात काढला, असे काही जण म्हणतात. एलएलव्हीएम प्रकल्पाचा एलएलडी हा लिंकर मागे पडलेल्या संग्रहांतील नावे लक्षात ठेवतो आणि गरज पडल्यास परत जाऊन फाइल उचलतो, हे खरे. तरी माझ्या मते शिस्त सोडू नये. एक तर एलएलडीवर बांधला गेलेला प्रकल्प जुन्या लिंकरवर अडकू शकतो. एलएलडीच्या कर्त्यांनीच अशा उलट्या संदर्भांची सूचना देणारा 'वॉर्न-बॅकरेफ्स' हा पर्याय ठेवला आहे. दुसरे अधिक गंभीर: दोन स्टॅटिक लायब्ऱ्यांत एकाच नावाचे फंक्शन असेल, तर सामान्यतः आधी लिहिलेलीचे घेतले जाते आणि दुसरीकडे कुणी पाहत नाही. चूक झाल्याचा संदेश येत नाही, प्रोग्राम तयार होतो, आणि तो कसा वागेल हे आज्ञेतला क्रम ठरवतो.

सर्वांत जास्त नुकसान मेकफाइलच्या, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या 'मेक' या साधनाच्या सूचना-फाइलीच्या, नमुन्यांमुळे होते. मेकच्या अंगभूत नियमात 'एलडीफ्लॅग्ज' हे चल ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येते, तर 'एलडीलिब्ज' त्यांच्यानंतर. लायब्ऱ्यांची नावे पहिल्या चलात भरलेले नमुने प्रात्यक्षिकांच्या वह्यांतून वर्षानुवर्षे उतरवले जात आहेत. एलडीफ्लॅग्जमध्ये शोधमार्गासारखे पर्याय असावेत आणि लायब्ऱ्या एलडीलिब्जमध्ये जाव्यात, एवढी दुरुस्ती पुढील आवृत्तीत करणे पुस्तककर्त्यांना अवघड नाही. तिच्या शेजारी लिंकरच्या यादीवर एक परिच्छेद दिला, तर शिक्षकांनाही वर्गात कारण सांगता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक