बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की नागपुरात सकाळी सातच्या सुमारास धरमपेठ असो की मानेवाडा, एखाद्या तरी फाटकातून ‘कट्-कट्-कट्’ ऐकू येतेच. गाडी सुरू होत नाही. फोन जातो, दुकानातला पोरगा येतो, बोनेट उघडतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो, ‘बॅटरी गेली, साहेब.’ पुष्कळदा ती गेलेलीच असते. पण पुष्कळदा नसतेही. मग पाच-सहा हजारांची नवी बॅटरी बसवून आठवडा होत नाही तोच पुन्हा कट्-कट्.

लोक दोष थंडीला देतात. खरे नुकसान मे महिन्यातच झालेले असते. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून जास्त तापते. तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीतल्या रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पाणी उडते, प्लेटांची जाळी गंजते. पावसाळाभर ती कशीबशी निभावते. डिसेंबरात इंजिन ऑइल घट्ट झाले की सेल्फला (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला) जास्त करंट लागतो, आणि गार बॅटरी नेमका कमी देते. मे अखेरच्या नवतप्यातले दुखणे असे सहा महिन्यांनी बाहेर पडते.

बोनेट उघडण्याआधी कान द्यावा. भराभर कट्-कट् म्हणजे व्होल्टेज कमी पडतोय. एकच जड ‘टक्’ आणि पुढे शांतता असेल तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा जाड तारेचा जोड बघावा. काहीच आवाज नसेल तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे का, ते पाहा. हसू नका, निम्मी धावपळ इथेच वाचते. आणि सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हातही लावू नका. दुखणे दुसरीकडे आहे.

व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर, म्हणजे टर्मिनलवर, लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा किती पडतो ते पाहा. ९.६ च्या खाली जायला नको. पूर्ण चार्ज असूनही आठवर कोसळला तर बॅटरी बदला, वाद नाही. मात्र ती नुसती उतरलेली असेल तर आधी चार्जरवर लावून मगच ही परीक्षा घ्या. उपाशी माणसाला पळायला लावून त्याला आजारी ठरवण्यात अर्थ नाही.

आता खरी मेख. पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. वाटेत कुठे ओहमचा एक शतांश भाग एवढा अडथळा आला तरी दीड-दोन व्होल्ट तिथेच खलास होतात. टर्मिनल वरून चकचकीत दिसते, पण त्यावरचा तारेचा क्लॅम्प काढला की आतून शिशावर काळपट थर निघतो. १० नंबरच्या पान्याने आधी मायनस सोडवा, मग प्लस. उलट केले आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडणारच. पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने घासा, कोरडे करून आधी प्लस, शेवटी मायनस जोडा. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. वरून थोडे व्हॅसलीन पुरे.

इंजिनाची अर्थिंगची पट्टी (इंजिनातून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी) मात्र कोणी तपासतच नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. हे काम काही शे रुपयांत होते.

इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारे जनित्र) हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतो, पण हेडलाइट लावून बराच वेळ १३ च्या खालीच राहिला तर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा किंवा अल्टरनेटर तपासा. चालू इंजिनवर टर्मिनल काढून ‘चार्जिंग येतंय का’ पाहणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. जुन्या ॲम्बेसेडरला ते खपून जायचे. आजच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड किंवा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) जळू शकतो.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगले, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी मेलेली? मग बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टीम पाहा. लॉक करून अर्ध्या तासाने चांगली गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट घेते. २५० घेत असेल तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी चाबी ऑन करून मागच्या सीटजवळ कान लावा. पेट्रोल पंप दोन सेकंद गुणगुणतो. नसेल तर फ्यूज पाहा, आणि हॉर्नचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) त्याच नंबरचा असेल तर पंपाच्या जागी लावून बघा. डॅशबोर्डवर चाबीचे चिन्ह लुकलुकत असेल, म्हणजे गाडी चाबी ओळखत नसेल, तर दुसरी चाबी वापरा. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवरच सुरू होतात, टाकी कोरडी ठेवू नका. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर बोनेटखाली लेंड्या सापडतीलच. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

एक अपवाद मात्र लक्षात असू द्या. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत गाड्या पाण्यात बुडाल्या, तसे पुन्हा झाले तर ‘बघू तरी’ म्हणून चाबी फिरवू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरात गेले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मायनस सोडवा आणि गाडी ओढून न्या.

शहरातल्या बॅटरी विक्रेत्यांना आपल्या दैनिकामार्फत एवढीच विनंती आहे: नवी बॅटरी विकण्याआधी उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा आणि, धक्का किंवा जंप देऊन का होईना, सुरू इंजिनचा, असे तीन आकडे ग्राहकासमोर मोजा आणि बिलावर लिहा. ग्राहकांनीही ते मागून घ्यावेत.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, मानेवाडा, नागपूर