केसवानींवर लेख छापता, मग आपली रिपोर्टर का हलवलीत?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकातला भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांच्यावरचा लेख वाचला आणि खरं सांगतो, रात्रभर डोक्यातून गेला नाही. पुरस्कार मोठ्या टायपात आणि १९८२ दोन ओळीत? अहो, खरं काम तर तिथेच आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला मित्र डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूने गेला, मग हा माणूस कितीतरी महिने कागद गोळा करत फिरला, सप्टेंबर १९८२ पासून स्वतःच्या छोट्या साप्ताहिकात कारखान्याच्या धोक्याबद्दल एकामागून एक लेख लिहिले, कुणी ऐकलं नाही, जून १९८४ ला जनसत्ता या हिंदी दैनिकात परत लिहिलं, तरी नाही. डिसेंबरात भोपाळचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही चेंबूरला, माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूला राहतो म्हणून हे जास्त लागतं. २०१९ च्या सप्टेंबरात चेंबूरपासून पवईपर्यंत गॅसचा वास सुटला ती रात्र आम्ही खिडक्यांना ओले टॉवेल लावून काढली. नंतर कधीतरी तुमच्याच पेपरची एक मुलगी घरी आली होती. चहा राहू दे म्हणाली, आधी गॅलरीत जाऊन उभी राहिली. म्हणे काका, नुसतं घाण वास येतो लिहून काही होत नाही, किती वाजता येतो, कसला येतो, वारा कुठून होता ते लिहून ठेवा. तेव्हापासून आमची ही किचनमधल्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. रात्री १.४०, सडक्या कोबीसारखा. पहाटे ५, रॉकेलसारखा, डोळे चुरचुरले. ती मुलगी महिन्याला येऊन पानांचे फोटो घेऊन जायची, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पण तारखेला लावून बघायची. आणि आता फोन केला तर म्हणते काका, माझं बीट, म्हणजे बातम्यांचा विषय, बदललं, मला एंटरटेनमेंटला टाकलंय. बोलताना आवाज उतरला होता पोरीचा. तुमच्या ऑफिसात विचारलं तर मेल करा म्हणाले, दोन केले, उत्तर नाही.

अशी माणसं एका विषयाला वर्षानुवर्षं चिकटून राहिली तरच काही हाती लागतं. तिला का हलवलंत?

आणि हो, भरती-ओहोटीच्या वेळा पण बंद केल्यात. आमच्याकडचे कोळी बांधव त्यासाठी पेपर घ्यायचे, त्या कृपया परत सुरू करा.

कॅलेंडरची १४ पानं जपून ठेवली आहेत. कुणाकडे आणून देऊ तेवढं कळवा.

– एक जुना वाचक, चेंबूर