सरांनी किल्ली आणून दिली

प्रिय संज्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण आधी हे वाच. मी बरा आहे, आईची शुगर कंट्रोलमधे आहे.

रविवारी सर घरी आले, तीन जिने चढून. हातात बॉक्सिंग हॉलची किल्ली, तीच, लाल सुतळी बांधलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता तूच बघ रे. झालं असं की गेल्या महिन्यात मीटिंगमधे मी बोललो होतो की पोरांना आता नव्या पद्धतीने शिकवायला हवं, पॉइंट्स कसे मिळतात ते समजायला हवं. सरांचं नावही घेतलं नव्हतं रे, पण ते तिथेच बसले होते, मान खाली घालून हाताची पट्टी गुंडाळत.

आणि मी काय बोललो माहितीये? "बसा ना सर, चहा टाकतो." बस्स. ते थांबलेच नाहीत.

रात्री झोप येईना म्हणून 'जंटलमन जिम' लावला, १९४२चा, आपला बॉक्सिंगचा सिनेमा. एरॉल फ्लिनचा कॉर्बेट चॅम्पियन सलिव्हनला हरवून पार्टीत मजा करतोय, तेवढ्यात वॉर्ड बाँडचा सलिव्हन चॅम्पियनचा पट्टा घेऊन दारात, आणि सगळं चिडीचूप. कॉर्बेट त्याला म्हणतो की काही वर्षांपूर्वीचा सलिव्हन आज समोर नव्हता हे माझं नशीब. किती साधं वाक्य! मला तेवढंही सुचू नये?

तू म्हणायचास तेच खरं, सलिव्हन म्हातारा झाला म्हणून हरला, आणि मी तुझ्याशी भांडायचो की ३३ म्हणजे काय म्हातारा, कॉर्बेट पायांवर जिंकला, २१ राउंड त्याला नाचवलं. (त्या काळ्या बॉक्सर पीटर जॅक्सनवरून तर तू आठवडाभर बोलला नव्हतास. पण ते मी अजूनही म्हणेन, काळ्या बॉक्सरशी लढायचंच नाही म्हणणाऱ्या सलिव्हनला कसला रे ग्रेट म्हणायचं? कॉर्बेट त्याच जॅक्सनशी ६१ राउंड लढला.) पण परवा पहिल्यांदा मी सलिव्हनकडेच बघत होतो. खरं तर १८९२ला न्यू ऑर्लिन्समधल्या खऱ्या मॅचमधे असं काही नाही, तो हरल्यावर रिंगमधेच लोकांशी बोलला होता. पट्ट्याचा सीन सिनेमावाल्यांचा, तरी मला तोच खरा वाटतो.

सरांना काय सांगू? की तुम्ही शिकवलेल्या जॅबवरच मी आजवर उभा आहे? फोनवर हे बोलता येत नाही. दारापर्यंत दोनदा जाऊन आलो, आत दिवा होता.

तुझी नवी नोकरी कशी आहे, वहिनी बरी ना, पिंकी दहावीला गेली म्हणे, बापरे.

दिवाळीत येतोयस ना? दोघं जाऊ. लॅपटॉप मी आणतो, शेवटचा सीन सरांबरोबर बघू. तू मधे सलिव्हनची बाजू घेऊन बोलू नकोस म्हणजे झालं. किल्ली अजून टेबलावरच आहे.

तुझा,
अव्या