सारंगखेड्याहून आणलेलं खापर

दोंडाईचा,
रविवार, रात्री

प्रिय शऱ्या,

सारंगखेड्याच्या यात्रेचं सविस्तर लिहीन असं फोनवर कबूल करून बसलो होतो, म्हणून आज कागद घेतला. व्हिडिओ पाठवले नाहीत म्हणून चिडू नकोस. तिथं हल्ली जो तो मोबाईल वर धरून उभा, घोडा दिसायला माणसाला टाचा उंच कराव्या लागतात.

या वर्षी नानांनी हट्टच धरला. टांगा सोडून पंचवीस वर्षं झाली, गुडघे कामातून गेले, पण दत्तजयंती जवळ आली की त्यांना झोप लागत नाही. त्यात आईचं फर्मान: निघालाच आहात तर मांडे भाजायचं मातीचं खापर आणा, जुन्याला तडा गेलाय. मग काय, नानांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि निघालो.

तापीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला, पण नानांच्या लेखी दोन्ही काठ अजून धुळ्याचेच. मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

आधी दर्शन. तुला आठवतं का, शाळेत असताना तू पुजाऱ्याला विचारलं होतंस, ‘दत्ताची बाकीची दोन तोंडं कुठं गेली?’ आणि मार खाता खाता वाचला होतास? मंदिर महानुभाव पंथाचं. ते ज्या पाच अवतारांना मानतात, त्या पंचकृष्णांत श्रीदत्तात्रेय आहेत आणि ते एकमुखीच. एवढं कळायला मला चाळिशी गाठावी लागली. रांगेत एका बाईच्या नातवाची गूळतुला व्हायची होती. पोरगं पारड्यात बसायलाच तयार नाही. शेवटी समोरच्या पारड्यातला गुळाचा खडा हातात दिला तेव्हा गप्प झालं.

मग घोडेबाजार. चेतक फेस्टिव्हलच्या नावाखाली आता तंबू, स्पर्धा, दिवे, सगळा थाट असतो. कोटीच्या घोड्याची बातमी दरवर्षी येते, पण असा घोडा बहुधा विकायचा नसतोच, दाखवायचा असतो. नाना तिकडं फिरकलेसुद्धा नाहीत. ते गेले मागच्या बाजूला, जिथं खुंट्यांना साधी जनावरं बांधलेली असतात आणि मालक कडब्यावर झोपलेला असतो. मारवाडी, काठेवाडी, मधूनच पंजाबकडचा गुलाबी नाकाचा पांढरा नुकरा. मारवाडी-काठेवाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडतात, हे लहानपणी नानांनीच दाखवलं होतं.

एका कुमैत, म्हणजे तांबूस रंगाच्या, घोडीपाशी ते थांबले. मालक म्हणाला, ‘पाच वर्षांची आहे बाबा, सव्वा लाख.’ नानांनी आधी मानेवरून हात फिरवला, देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला केसांचा भोवरा, चाचपला. मग डोळ्याखाली पाहिलं, तिथं भोवरा असला तर आसूढाळ, म्हणजे अशुभ, गिऱ्हाईक हात लावत नाही. नंतर अंगठ्यानं ओठ वर केला. अडीचाव्या वर्षी दुधाच्या दातांची मधली जोडी पडून पक्की येते, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची; पाचाला तोंड भरतं. त्यापुढचं वय दातांवरच्या काळ्या खळग्यांवर वाचायचं, त्या झिजत जातात. ‘खालच्या खळग्या गेल्या की रे,’ नाना म्हणाले, ‘पाच कधीच सरली हिची.’ मालक हसला आणि पोराला चहा आणायला धाडलं. घोडी घ्यायची नाही हे त्याला पहिल्या मिनिटाला कळलं असणार, तरी पाऊण तास दोघं बोलत बसले. टांग्याच्या घोड्याला नाल किती दिवसांनी, पोटात दुखलं तर काय, हेच. मी मात्र नुसता उभा. शऱ्या, मला ती भाषा येत नाही रे. त्या घोड्याच्या जिवावर आमचं घर चाललं, आणि मला त्याचा दातसुद्धा वाचता येत नाही.

शेजारीच एक सौदा चालला होता. दोघांचे हात उपरण्याखाली. ‘हजार’ की ‘दहा हजार’ एवढंच आधी तोंडानं ठरतं, मग जितकी बोटं दाबली तितके. भोवती वीस माणसं उभी, पण आकडा कुणाच्या कानावर जात नाही, त्यामुळे पुढचं गिऱ्हाईक ‘त्याला एवढ्याला दिली, मला का नाही’ म्हणू शकत नाही. एकदा विकणाऱ्यानं हात झटकन ओढून घेतला, म्हणजे भाव कमी पडला होता. पुन्हा उपरणं पडलं. मी हौसेनं दलालाला म्हटलं, मलाही दाखवा. त्यानं माझी तीन बोटं दाबली, मी बावळटासारखा ‘तीन हजार?’ असं मोठ्यानं बोललो. सगळे हसले. नाना सगळ्यांत जास्त.

खापर येताना घेतलं. कुंभारीण प्रत्येक खापर बोटाच्या पेरानं वाजवून देत होती. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला की ती स्वतःच बाजूला ठेवायची. तिच्या पुढच्याच पालात मांडे चालले होते. पुरण भरलेला गोळा बाई दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत नेते आणि उपड्या खापरावर अलगद टाकते, एक सुरकुती नाही. नानांनी दोन खाल्ले, दुधाशी. घरी सांगू नकोस म्हणाले. साखर आहे ना त्यांना.

आता खरं सांगतो. खापर नानांच्या मांडीवर होतं, चादरीत गुंडाळून. पुलाच्या अलीकडं एक खड्डा मला दिसलाच नाही. घरी आईनं चादर सोडली, पेर मारलं, बद्द. नानांना काही बोलली नाही, मला बोलली. बाजार अजून उठलेला नाही, म्हणून उद्या सकाळी पुन्हा जातोय. नाना म्हणतात मीही येतो, त्या घोडीच्या मालकाला नालेचं एक सांगायचं राहिलं.

संक्रांतीला येणार असशील तर दोन दिवस आधी कळव. मांड्यांचा घाट ऐन वेळी घालता येत नाही, आणि तुझी भूक आईला माहीत आहे.

तुझा,
बाळ्या